कावळा शिवेपर्यंत

मंगळवार, सायंकाळ

शेलूला नदीवर शेजारच्या दत्तूचा दहावा. कावळा पिंडाला शिवेना, तसा मंडळींना कंठ फुटला. “नेरळला बाई होती रं त्याची, तिच्यात जीव अडकलाय,” दत्तूचा चुलतभाऊ म्हणाला. दुसऱ्याने त्या बाईला लगेच एक पोरही दिलं. दत्तूची बायको चार पावलांवर उभी, सगळं ऐकत. शी! कावळा निदान भाताला टोचतो.

करुणरसातून आनंद कसा होतो, यावर पेपरात लिहून मी आयुष्यभर लोकांना पिडलं. आज करुण समोर उभा होता आणि आम्ही आनंद घेत होतो. आम्हीच. कारण “मग?” असं विचारणारा आवाज माझा होता. बातमीदाराची सवय म्हणू? छे, मजा येत होती.

शेवटी दत्तूची बायकोच पुढे झाली. हात जोडून म्हणाली, “आवो, तुमच्या बैलाला इकनार नाय मी. जावा आता.” कावळा आला, शिवला. मंडळी चक्क हिरमुसली.

परतताना रिक्षात चुलतभाऊ माझ्या कानाशी लागला. “त्यो बैल कुनी दिलेला, ठावं हाय? त्याच बाईनं.”

या खेपेला मी “मग?” म्हटलं नाही. म्हणावं लागलंच नाही. मी आधीच त्याच्याकडे सरकलो होतो.