पाण्याचे दोन प्रमुख

सर, काल इथल्या कॉलेजात विद्यार्थी मंडळाच्या नव्या पदाधिकाऱ्यांपुढे बोलायला मला बोलावलं होतं. पोरं इस्त्रीचे शर्ट घालून बसलेली, अध्यक्षाच्या छातीवर बिल्ला. पद कसं सांभाळावं, वर्षाचं उद्दिष्ट कसं ठरवावं, हे मी त्यांना तुमच्याच शब्दांत सांगितलं, तेही तुमचं नाव न घेता, आणि टाळ्या घेऊन घरी आलो. तेव्हापासून जेवण गोड लागलेलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यापुढे उभं राहायची मला अजून भीती वाटते.

शेवगावच्या आपल्या वसतिगृहात तुम्ही रेक्टर होतात आणि मी विद्यार्थ्यांचा अध्यक्ष झालो ते दुष्काळाचं वर्ष. पहिली बैठक तुम्ही ऑफिसात न घेता स्वयंपाकघरात घेतली. आचारी रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी थापतोय, धुरानं डोळे चुरचुरतायत, आणि तुम्ही पाटावर बसून एकेकाला विचारताय की वर्षभरात तू काय करणार, कधीपर्यंत करणार, आणि ते झालं हे आम्हाला कळणार कशावरून. मी ताठ उभा राहून म्हणालो, "वसतिगृहाचा सर्वांगीण विकास." तुम्ही शांतपणे विचारलंत, "आधी कुठलं अंग?" पोरं खो खो हसली, माझे कान तापले. मग तुम्ही म्हणालात, "आरं, पोरं आंघोळीबिगर हायती. पान्याचं बोल." शेवटी ठरलं ते एवढंच, की टँकरची एकही खेप चुकवायची नाही आणि पाण्यापायी एकाही पोरावर शिक्षण सोडून घरी जायची पाळी येऊ द्यायची नाही. मला ते फार किरकोळ वाटलं होतं. अध्यक्ष होऊन हौद भरायचा असेल तर निवडणूक कशाला लढवली, असं मनात आलं.

मग पदं वाटायची वेळ आली. तुम्ही बजावलं होतंत, "एका कामाला एकच मानूस नेम. दोघं नेमलेस तर दोघंबी एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसतील." पण मी आधीच फसलो होतो. नेवाशाकडच्या पोरांची मतं मिळावीत म्हणून त्यांच्यातल्या एकाला मी पाणीप्रमुख करतो म्हणालो होतो, आणि मिरजगावकडच्या पोरांपुढे त्यांच्यातल्या एकाला तोच शब्द देऊन बसलो होतो. त्या वर्षी त्या पदाला अध्यक्षापेक्षा जास्त मान होता. कुणालाच नाही म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून दोघांनाही प्रमुख केलं आणि दोघांना हौदाच्या कुलपाची एकेक किल्ली दिली. तुम्हाला सांगितलं, दोघं मिळून काम जास्त चांगलं होईल. तुम्ही म्हणालात, "बघ बाबा. अध्यक्ष तू हायेस."

काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी टँकर आला, फाटकाशी हॉर्न वाजवत राहिला, कुणी कुलूप काढायला येईना म्हणून पुढच्या गावाला निघून गेला. एक प्रमुख खोलीत झोपलेला, दुसरा बाजारात. दोघांचं उत्तर एकच. "मला वाटलं त्यो हाय की." संध्याकाळी चूल पेटवायची तर हंड्यात पाणी नाही. पोरांवर न ओरडता तुम्ही दोन बादल्या उचलल्या आणि रस्त्यापलीकडच्या विहिरीत उतरलात. पाणी पार तळाला गेलेलं. वर येताना पायरीचा दगड निसटला. तुमचा पाय मोडला तो कायमचा.

दुसऱ्याच दिवशी मी मिरजगावकडच्याला पदावरून काढलं. त्याच्या बाजूची पोरं कमी होती, म्हणून त्याला काढलं, दुसरं कारण नव्हतं. दवाखान्यात ही बातमी मी मोठ्या रुबाबात सांगितली. तुम्ही पाय टांगलेल्या अवस्थेत म्हणालात, "त्याला कशापायी काढलंस? दोघं नेमले कुनी?" तो पोरगा उन्हाळ्याच्या आतच वसतिगृह सोडून गेला. त्याचा निरोप घ्यायला मी खाली उतरलोसुद्धा नाही.

पुढे नोकरी लागल्यावर पेढे घेऊन तुमच्याकडे आलो, ती आपली शेवटची भेट. तुम्ही काठी भिंतीला टेकवून ओट्यावर बसला होतात. बोलता बोलता, जराही राग नसताना, विचारलंत, "त्यो टँकरवाला लई येळ हार्न वाजवत हुता म्हनं. एवढ्या पोरांत कुनालाच कसा ऐकू आला न्हाई रं?" मी म्हणालो, "वारं लई हुतं, सर." तुम्ही मान डोलावलीत. "व्हय, आसंल," म्हणालात आणि मला आणखी एक पेढा दिलात.

वारं नव्हतं, सर. झाडाचं पान हलत नव्हतं. मी वरच्या खोलीत खिडकीशी बसून पाहुण्यांच्या स्वागताचं भाषण पाठ करत होतो. पहिला हॉर्न वाजला तेव्हाच ऐकला. दोघं नेमलेत, कुणीतरी जाईल, अध्यक्षानं का धावायचं, असं म्हणून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. टँकर वळताना मी खिडकीतून पाहिला. हाक मारली असती तर थांबला असता.

हे तुमच्या मुलाला पाठवावं म्हणून लिहायला बसलो होतो. पाठवणार नाही. मी तुमचा सगळ्यांत गुणी विद्यार्थी होतो असं तो अजून चारचौघांत सांगतो, आणि ते ऐकायला मला अजूनही आवडतं.