भोंग्यानंतरचा एक तास

सर, इथे आखातात, राई भागातलं आपलं रेडिओ स्टेशन बंद पडलं त्याला बरीच वर्षं झाली. टायरच्या गोदामावरच्या त्या तीन खोल्यांत आता एसीचे सुटे भाग ठेवतात. परवा तिथून गेलो, पण वर चढायचं धाडस झालं नाही. तुम्हाला जाऊन तर त्याहूनही जास्त वर्षं झाली.

मी कोकणातून कंत्राटावर आलेला साधा वायरमन. तुम्ही नाशिकचे इंजिनिअर, तेल कंपनीतली भक्कम नोकरी सोडून या खाजगी स्टेशनात आलेले. दर तासाला हिंदीत बातम्या, मध्ये टायरच्या आणि सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती, एवढाच आपला पसारा. एकदा मी आळसापोटी सकाळच्या बातम्यांची टेप दुपारी पुन्हा लावली, तेव्हा तुम्ही असे भडकलात की निवेदक जेवणाचा डबा उघडा टाकून बाहेर सटकला. "अरे, शिळी बातमी लोक खरी धरून चालतात! ते खिडकीबाहेर बघत नाहीत, आपल्याला ऐकतात." मनात मात्र म्हणत होतो, एवढं काय आभाळ कोसळलंय.

मग सीमेपलीकडे युद्धाची चिन्हं दिसू लागली. दुकानांतून चिकटपट्टी गायब झाली, लोक खिडक्यांच्या फटी बुजवू लागले, निवेदक सामान बांधून लखनौला निघून गेला. छातीत कळा येत होत्या म्हणून तुम्ही महबूला भागातल्या तुमच्या घरीच होतात. स्टेशनवर मी एकटा. त्या दुपारी भोंगा वाजतो. "घरातच थांबा, पुढची सूचना इथेच मिळेल" ही टेप फिरती ठेवून मी तळघराकडे धूम ठोकतो. थोड्या वेळाने धोका टळल्याचा भोंगा होतो. इमारतीचा राखणदार म्हणतो, "खलास, भाई. ऊपर जाओ." तासभर मी भिंतीला टेकून बसून राहतो, आणि वर ती सूचना, मग टायरची जाहिरात, मग पुन्हा तीच सूचना चालू राहते.

तुमच्या तेराव्याला काकू म्हणाल्या, "धोका टळल्याचा भोंगा झाला तेव्हाच मी म्हटलं, चला, गाडी खाली आहे, जाब्रियाचं हॉस्पिटल काही लांब नाही. तर म्हणाले, थांब गं, आपला रेडिओ अजून घरातच बसा म्हणतोय. तो पोरगा आता शिळं लावायचा नाही." मग त्यांनीच मला विचारलं, "मशीन अडकलं होतं का रे?" मी हो म्हणालो. माझा चेहरा बघून त्या माझीच समजूत काढत बसल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मशीन ठणठणीत होतं, सर. मी घाबरलो होतो. हे काकूंना फोनवर वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं. काल त्यांचा नाशिकहून फोन आला, कागद समोरच होता. त्यांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे, आणि इथल्या उन्हाबद्दल बोलत राहिलो.