चाळीस मिनिटं, न थांबता

प्रिय दहा-बारा,

या नावाने तुला बारा वर्षांत हाक मारली नाही. चार वर्षांची असताना तू गाडीखाली माझ्याजवळ बसायचीस आणि मागितला की नेमका दहा-बाराचा पाना हातात ठेवायचीस. लग्नात मीच म्हणालो, आता हे नाव पुरे, सासरी शोभायचं नाही.

आज सकाळी जावईबापू गाडी घेऊन गॅरेजवर आले. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो ना, त्याचा दिवा लागला होता आणि गाडी ओढत नव्हती. म्हणाले, "सासरेबुवा, सेन्सरची वायर तोडून टाका. दिवा विझला की दुखणं गेलं." मी हसलो. निम्मी गिऱ्हाइकं हेच म्हणतात.

आधी सेन्सरच्या रबरी नळ्या तपासल्या, त्या धड होत्या. मग स्कॅनर लावला. फिल्टर ऐंशी टक्के भरलेला. तो स्वतःची काजळी स्वतःच जाळतो, पण त्यासाठी गाडी अर्धा तास सलग पळवावी लागते. मध्येच बंद केली की जळणं अर्धवट राहतं. अशा अर्धवट खेपा सदतीस निघाल्या. पाच महिन्यांत गाडी एकदाही सलग पंधरा मिनिटांच्या वर चालली नव्हती.

तो आकडा मी पुन्हा वाचला. तीन महिन्यांपूर्वी तू जिन्यावरून पडलीस, कोपर मोडलं आणि त्यांनी याच गाडीतून तुला मोठ्या इस्पितळात नेलं. जायलाच दीड तास. फोनवर तूच सांगितलंस, मागून त्यांचा आवाज येत होता. तुझं कोपर सरळ होत नाही म्हणून मी त्या डॉक्टरला किती शिव्या घातल्या! डॉक्टर नव्हताच, पोरी. मग मी मागच्या सीटवर बसून दार ओढून घेतलं. ते आतून उघडेना. चाइल्ड लॉक. तुमच्या घरात मूल नाही. दाराच्या आतल्या कापडावर नखांचे ओरखडे होते.

फिल्टरमधली काजळी उभ्या गाडीतच जाळायला लावली होती. इंजिन गरजत होतं, मागचा पाइप हात लावता येणार नाही इतका तापला होता. मी विचारलं, कोपर कोणी बसवलं? फोनमधून मान वर न काढता जावईबापू म्हणाले, "पोरगी नाटकी आहे तुमची. तुम्हीच म्हणाला होतात ना, जरा धाकात ठेवा, येईल वळणावर?"

म्हणालो होतो. पहिल्याच वर्षी तू सुजलेला डोळा घेऊन आलीस आणि मी 'जुळवून घे' म्हणत संध्याकाळच्या आत तुला परत पोचवलं.

मी पान्याने त्याचा गुडघा फोडला. तो पडला, तसा मनगट धरून त्याचा पंजा पाइपवर दाबला. कातडी चरचरली. इंजिनच्या आवाजावरही त्याची किंकाळी ऐकू आली. तो "बाबा, नको" म्हणत होता, आणि मी त्याचं कोपर माझ्या गुडघ्यावर घेऊन उलटं वाकवलं, आवाज येईपर्यंत. तुझ्यासाठी केलं असं म्हणणार नाही. मला ते बरं वाटत होतं. तुझ्या आईवर फॅनबेल्ट उगारायचो तेव्हाही असंच वाटायचं. ती मला सोडून गेली ती उगाच नव्हे. आणि तू गाडीखाली येऊन बसायचीस ते मी लोकांना कौतुकाने सांगत आलो, पोरीला कामाची आवड आहे म्हणून. आवड कसली! लपायला तेवढीच जागा होती.

मी इंजिन बंद केलं. अँब्युलन्स बोलावली, पोलिसांनाही मीच कळवलं. फौजदार म्हणाले, तासाभरात येतो, कुठे जाऊ नका. जाणार कुठे?

म्हणून घाईने लिहितोय. शेजारचा रंगारी गाडी तुझ्या दारात लावून हे पत्र आणि किल्ली देईल. टाकी भरली आहे, चाइल्ड लॉक काढलं आहे. नवरा आठवडाभर तरी इस्पितळातून हलत नाही. तू आईकडे निघ, आजच. गाडी तुला मीच शिकवली. बारा वर्षं हातात नसली तरी पाय विसरत नाहीत. कोपराची काळजी करू नकोस, गिअरला ते वाकलेलंच लागतं. फिल्टर अजून अर्धा भरलेला आहे, दिवा लागलेला दिसेल. मोठ्या रस्त्याला लाग, वेगाचा काटा सत्तरच्या खाली येऊ देऊ नकोस. जळका वास येईल, तो काजळीचा. तुझ्या दारापासून आईच्या दारापर्यंत चाळीस मिनिटं आहेत. मध्ये थांबू नकोस. आणि माझ्याकडे येऊ नकोस, मी सुटून आलो तरीही. दिव्याची वायर मी तोडलेली नाही. तो विझला, तर खरंच विझला असेल.

तुझाच, ज्याच्यापासून तू लपायचीस तो,
बाबा