आत्याच्या समोरच्या दातासाठी फोन

तीर्थस्वरूप आत्यास,

नमस्कार. साष्टांग घालायचा बेत होता, पण दिवसभर टेबलावर वाकून दुसऱ्यांचे दात घासून घासून माझी पाठ हल्ली सहा अंगांच्या पुढे जात नाही. उरलेली दोन अंगं भेटीअंती. आतोबांचे गुडघे काय म्हणतात? नातीची परीक्षा संपली असेल. तुझी तब्येत मी विचारत नाही, कारण एक दात सोडला तर तू ठणठणीत आहेस हे मला ठाऊक आहे, आणि त्या एका दाताचं काय झालं हे सांगण्यासाठीच हा कागद घेऊन बसलोय. (पत्र अशासाठी, की फोनवर तू तोंड मिटून नुसतं 'हं' म्हणतेस. त्या 'हं'चे अर्थ लावता लावता माझं डोकं उठतं. फोनवरून फट दिसत नाही हे मी तुला कळवलं होतं. त्यावर 'दिसत नाही, पण ऐकू येते' असं तू नातीकडून उलट कळवलंस.)

झालेली हकिगत तुला माहीतच आहे, पण आपल्या घरात जो तो ती वेगवेगळी सांगत सुटलाय, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. कात्री गळ्यात दोरीने अडकवलेली असताना शिवणाचा दोरा दाताने तोडायची तुझी सवय. या खेपेला दोऱ्याऐवजी दात तुटला, आणि तोही समोरचा. तुमच्या डॉक्टरांनी उरलेला तुकडा काढला आणि नवा दात त्यांच्या नेहमीच्या माणसाकडून करून घेतो म्हणाले, तर तू त्यांना ठणकावलंस की घरचा भाचा कवळ्या करत असताना परक्याचा दात मी तोंडात घालणार नाही. (माझा ऊर भरून आला होता. आता वाटतं, परक्याचा घातला असतास तर बरं झालं असतं.) डॉक्टरांनी माप पाठवलं, उत्तम होतं. राहता राहिला रंग, आणि तिथेच घोडं अडलं.

आत्या, पांढरा हा दातांचा रंगच नव्हे. लोकांना हे काही केल्या पटत नाही. कुणाचे दात कच्च्या सुताच्या रंगाचे, कुणाचे जुन्या कागदाच्या, आणि एकाच तोंडात शेजारी शेजारी बसलेले दोघेसुद्धा एकसारखे नसतात. अख्खी कवळी करणं त्या मानाने सोपं, कारण तिथे सगळेच खोटे असल्यामुळे कुणी कुणाला उघडं पाडत नाही. समोरचा एकच दात करायचा तर शेजारी खरा दात साक्षीला बसलेला असतो. तर नातीने तिच्या फोनवर तुझ्या दातांचा फोटो काढून पाठवला. दात लख्ख होते. तुझ्या वयाला इतके लख्ख दात बघून मला जरा हेवाही वाटला, पण फोटोत दिसतं तसं करायचं ही आपली नोकरी. केला, पाठवला. तू तो बसवून आरशासमोर उभी राहिलीस आणि आतोबांनी विचारलं की आता खोलीतला दिवा घालवू का. मग तो दात काडेपेटीतून माझ्याकडे परत आला, सोबत एक अक्षर नाही. तेव्हापासून तू हात ओठांवर धरून बसलेली. तुझं म्हणणं, दात नीट बसल्याशिवाय मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. माझं म्हणणं, तू इथे माझ्या टेबलापाशी येऊन तोंड उजेडात दाखवल्याशिवाय दात नीट होणार नाही. दोघांचंही म्हणणं बरोबर असल्यामुळे मार्ग निघेना.

तेव्हा मी ठरवलं, दोष नातीच्या फोनचा आहे, आपणच एक चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घेऊन आत्याला पाठवावा. त्यातून खरा फोटो येईल, खरा रंग कळेल आणि काम फत्ते. नातीने बजावलं, अँड्रॉइडच घ्या, दुसरं काही आणलंत तर मी आजीला शिकवणार नाही. एवढं ठरल्यावर मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या पिक्सेलरावांचा सल्ला घेतला. (हे नाव आमच्या हिने ठेवलेलं. ते पाणीपट्टीच्या कचेरीत आहेत, पण आयुष्य त्यांचं फोनवर चाललंय. त्यांच्याकडे त्यांच्या प्रत्येक जुन्या फोनचा फोटो आहे, नव्या फोनने काढलेला. माणसाचा फोटो मला एकही दिसला नाही.) त्यांनी मला बसवलं आणि मेगापिक्सेल म्हणजे काय, सेन्सर मोठा का हवा, फोनच्या पाठीला चार चार भिंगं कशासाठी आणि त्यातलं एक नुसतं शोभेचं कसं असतं, हे चहा गार होईपर्यंत समजावलं. मी मान डोलावत होतो. शेवटी मी एवढंच विचारलं, रंग खरे येतात का हो? ते म्हणाले, खरे नाही, छान येतात. त्यांनी हे इतक्या प्रेमाने सांगितलं की पुढे विचारायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी खिशात नमुन्याच्या दातांची पट्टी घालून दुकानात गेलो. (ही पट्टी म्हणजे फिकट ते गडद अशा क्रमाने ओवलेले दात. आम्ही ती गिऱ्हाइकाच्या दाताशेजारी धरून रंग जुळवतो. खिशातून एकदम काढली की लोक दोन पावलं मागे सरतात, याची मला सवय आहे.) दुकानातल्या बाई मोठ्या तयारीच्या. विचारलं, काय काय बघू या, गेमिंग, बॅटरी? मी म्हणालो, दात. बाईंनी एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मी त्यांना आ करायला सांगितलं, दाताशेजारी पट्टी धरली आणि एका फोनने फोटो काढला. फोटोत बाईंचे दात तर उजळलेच, पण माझ्या पट्टीवरचे सगळे नमुनेही एकाच रंगाचे झाले! दुसरा फोन घेतला, तिसरा घेतला. एकाने ओठ गुलाबी केले, एकाने बाईंची हनुवटी कोरून काढली, आणि एकाने चेहरा स्पष्ट ठेवून माझी पट्टी मागच्या धुरकटात ढकलून दिली. दारावरच्या रखवालदाराचे दात चहाने चांगले मुरलेले होते, म्हणून परीक्षेसाठी त्याला बोलावलं. फोटोत तो दंतमंजनाच्या जाहिरातीत शोभला असता. त्याने तो फोटो घरी पाठवायला मागितला.

दुकानातला उजेड फसवा असतो, म्हणून मला हे सगळं दाराशी, दिवसाच्या उजेडात करायचं होतं. पण तिथले फोन तारेने बांधलेले. मी एक फोन दाराकडे ओढत नेला तर तार संपली आणि भोंगा वाजायला लागला. त्या आवाजाने लोक जमले. एका हातात फोन, दुसऱ्या हातात दातांची माळ, समोर आ करून उभा रखवालदार, असं बघून त्यांनी समजूत करून घेतली की आज इथे दात फुकट तपासून मिळताहेत, आणि चक्क रांग लावली. मी नाही नाही म्हणत होतो, पण माझं कोण ऐकतो! एका आजोबांनी तर तोंडातली कवळी काढून सरळ माझ्या तळहातावर ठेवली आणि खालून टोचते म्हणाले. बघतो तर ती मीच केलेली. (टोचत होती हे खरं. जरा घासून द्यायला हवी. त्यांना मी कामाच्या खोलीवर बोलावलंय.)

शेवटी मॅनेजर बाहेर आले आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारलं की साहेब, तुम्हाला नक्की हवंय तरी काय. मी सांगितलं, जे समोर आहे तेच दाखवणारा फोन. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि टेबलाखालून एक खोकं काढलं. म्हणाले, हा मी कुणाला देत नाही, कॅमेऱ्याच्या तक्रारी फार, घेतलेले लोक परत आणून टाकतात. मी विचारलं, तक्रार काय? तर म्हणे, यात आम्ही आहोत तसेच दिसतो. मी तिथल्या तिथे रखवालदाराचा फोटो काढला. चहा जसाच्या तसा! पट्टीवरचे नमुने अगदी वेगवेगळे, ओळीने. आत्या, मला इतका आनंद मागच्या कित्येक दिवसांत झाला नव्हता. मी तोच फोन घेतला आणि शीळ घालत घरी आलो.

घरी येऊन फोन टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेलो. चूक तेवढीच झाली. बाहेर आलो तर ही फोन हातात धरून उभी, आणि चेहरा असा की कुणाची तरी वाईट बातमी आली असावी. तिने स्वतःचा फोटो काढला होता. मला दाखवून विचारलं, ही कोण? आता या प्रश्नाला बरोबर उत्तर नसतं हे मला कळायला हवं होतं. मी म्हणालो, तूच की, अगदी हुबेहूब. त्यानंतर आमच्याकडे जेवण झालं, पण बोलणं झालं नाही. सकाळी मी कामाला गेल्यावर ती खोकं घेऊन दुकानात गेली आणि फोन बदलून आली. (मॅनेजर हसत होते म्हणे. खोकं पुन्हा टेबलाखाली गेलं असणार.) नव्या फोनमध्ये ती तिच्या धाकट्या बहिणीसारखी दिसते, आणि ती बहीण स्वतः काही तशी दिसत नाही.

मी जरा चिडलोच. म्हणालो, अगं, आत्याच्या दातासाठी घेतला होता तो! त्यावर ही शांतपणे म्हणाली, आत्या आधीच आरशासमोर उभ्या राहत नाहीत, आणि तुम्ही त्यांना असा फोन पाठवणार होतात? हिचं बरोबर असलं की मी टेबलावरच्या वस्तू सारख्या करत बसतो, तशा केल्या.

मग कामावर बसल्या बसल्या विचार केला, तेव्हा आणखीही एक ध्यानात आलं. दात ओले असतात तोवरच त्यांचा रंग खरा. आ करून बराच वेळ बसलं की ते कोरडे पडतात आणि कोरडे पडले की पांढरे दिसतात. नात सांगत होती की मनासारखा फोटो येईपर्यंत तिने तुला खिडकीत ताटकळत बसवलं होतं. म्हणजे निम्मा दोष फोनचा आणि निम्मा तुझ्या सोशिकपणाचा. (सोशिकपणा हा शब्द तुझ्या बाबतीत मी प्रथमच वापरतोय, सांभाळून घे.) तेव्हा जगातला कुठलाही फोन आणला तरी तू तिथे, मी इथे आणि मध्ये कॅमेरा, असं हे काम व्हायचं नाही.

आतोबांना आणि घरातल्या सगळ्यांना ज्याचं त्याचं मानाचं जे काय असेल ते सांग. नातीला म्हणावं, फोटो छान होता, फक्त तुझ्या आजीचा नव्हता.

तुझा भाचा,
दातवाला

ता. क. एवढं फोनपुराण वाचून तुला वाटेल की फोन येतोय. येत नाहीये. तो हिने ठेवून घेतलाय आणि आता तो मागण्यात अर्थ नाही.

ता. क. पुन्हा एकदा. आतोबांचा मला फोन आला होता, गच्चीवरून, हळू आवाजात. पहिले काही दिवस घरात शांतता आहे म्हणून ते खुशीत होते. आता म्हणतात, वर्तमानपत्र सकाळीच वाचून संपतं, कोडंसुद्धा सुटतं, मध्येच कुणी काही विचारत नाही, कुणी चुका काढत नाही, आणि घर खायला उठतं. तिला फट असली तरी चालेल, पण बोलायला सांग, असं म्हणाले. हे तुला सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय. म्हणून मी सांगत नाही, लिहितोय.

ता. क. शेवटचं. तुम्ही दोघं इकडे या. वाटेत तोंडावर रुमाल धर, काय हवं ते कर, मी उतरवून घ्यायला येतो. आमच्या खोलीत पूर्वेकडे मोठी खिडकी आहे, तिथे तुला बसवतो. दुकानात मी लोकांना आ करायला लावलं ते खरं तर चूक होतं. समोरच्या दाताची लांबी माणूस हसल्याशिवाय कळत नाही. ओठ कुठवर वर जातो आणि दात किती दिसतो, ते तेव्हाच समजतं. म्हणून तुला हसावं लागेल, आणि माझ्यासमोर, हात न धरता. हे झालं कामापुरतं. काम बाजूला ठेवून सांगायचं, तर आत्या, तुझं हसणं ऐकून फार दिवस झाले गं. तू ये, दाताचं नंतर बघू.