शेठच्या हॉटेलचं शटर

आई,

पाया पडतो. मी सुखरूप आहे. अक्षर वाकडंतिकडं वाटलं तर घाबरू नकोस, बोटांना पट्टी आहे एवढंच. तुझा गुडघा कसा आहे? दादा औषधं वेळेवर आणतो ना?

बातम्यांत दाखवलं ते वादळ आमच्याच बेटावर आलं. आमची सगळ्यांची छपरं उडाली. पक्कं बांधकाम एकच, शेठचं हॉटेल. आम्ही तिकडे धावलो, तर शेठने आमच्या तोंडावर शटर ओढलं. आतून ओरडला, "माझ्या पाहुण्यांची गैरसोय होईल!" ते शटर मीच वेल्डिंग करून बसवलेलं. किती मजबूत आहे ते मला ठाऊक होतं, तरी बोटं फुटेपर्यंत बडवलं.

मला रोज जेवू घालणारी खानावळवाली मावशी शेजारीच उभी होती. लाट आली आणि तिला घेऊन गेली. तिच्या दोन्ही मुलींना मी कसंबसं धरून ठेवलं.

काल शेठचा निरोप आला, शटर वाकून अडकलंय, पुढचं वादळ यायच्या आत सरळ करून दे. मी लगेच गेलो. गॅस कटरने अख्खं शटर कापलं आणि हातगाडीवर घातलं. शेठ बोंबलत मागे धावला, "अरे, वादळ आलं तर मी जाऊ कुठे?"

मावशीच्या मुलींच्या घरावर आता त्याच शटरचं छप्पर आहे. दाराला आतून भक्कम कडी बसवलीय. शेठने ठोठावलं तर ती काढायची की नाही, ते मुली ठरवतील.

जेवत जा वेळेवर.

तुझा,
धाकटा