हॉल पक्का समज

बदलापूर (पूर्व),
१४ सप्टेंबर

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

घरी सगळे बरे असतील. हिचा गुडघा आता जरा कमी दुखतो. परवाच तुझी आठवण काढत होती. तुझे मेसेज मिळाले. कॉलेजात गडबड होती म्हणून उत्तर राहिलं.

तुमच्या प्रोग्रॅमिंगच्या परिषदेसाठी आमच्या उल्हासनगरच्या कॉलेजचा हॉल मिळत नाहीये. नोव्हेंबरात त्याच दिवसांत विद्यापीठाची परीक्षा लागली आहे. वाईट वाटतं.

एवढं लिहून पाकीट चिकटवलं होतं. ते फाडून पुढे लिहितोय.

परीक्षा लागली हे खरं. पण जूनमध्ये तू घरी आलीस, म्हणालीस, "सर, आम्ही सगळे नोकऱ्या सांभाळून हे करतो. आमची संस्था नोंदलेलीसुद्धा नाही. एखाद्या कॉलेजचा विभाग यजमान झाला तरच जमेल." तुझं बोलणं पुरतं संपायच्या आत मी म्हणालो, "हॉल पक्का समज."

आणि त्यानंतर मी प्राचार्यांना विचारलंच नाही.

शशिकांत प्राचार्य झाल्यापासून मला तिथे फारसं कुणी विचारत नाही. तो नाही म्हणाला असता, तर सरांच्या शब्दाला तिथे किंमत उरली नाही हे तुला कळलं असतं. म्हणून रोज उद्यावर ढकललं. तुम्ही वेबसाइटवर कॉलेजचं नाव टाकलंत, लांबलांबचे वक्ते ठरवलेत, तरी मी गप्प.

गेल्या आठवड्यात तू हॉल बघायला आलीस. सर रजेवर आहेत, असं शिपायाने सांगितलं. मीच त्याला तसं सांगायला लावलं होतं. मी लॅबमध्ये होतो, आतून कडी लावून. "सरांची तब्येत बरी आहे ना?" असं तू त्याला विचारलंस, ते मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी शशिकांतकडे गेलो. तो खुर्चीतून उठून उभा राहिला. "अहो सर, जूनमध्ये बोलला असतात तर लगेच दिला असता. आता परीक्षेचं केंद्र जाहीर झालंय." त्यापेक्षा त्याने अपमान केला असता तर बरं झालं असतं.

तिथून रिक्षाने थेट अंबरनाथ गाठलं. उमा तिथल्या कॉलेजात विभागप्रमुख आहे. पूर्वी माझ्या विभागात शिकवायची. तिला सगळं सांगितलं. ती उठली, तिच्या प्राचार्यांकडे गेली आणि होकार घेऊनच परत आली.

"हॉल लहान आहे, एसी नाही, पण विभाग यजमान व्हायला तयार आहे," ती म्हणाली. "मात्र सईला तुम्ही कळवायचं. खरं काय ते कळवायचं. नाहीतर मी तिला फोन करणार नाही."

म्हणून हे पत्र.

जागा पसंत नसेल तर सरळ नाही म्हण. उमाशी थेट बोल, मला मध्ये घेऊ नकोस. उद्घाटनाच्या पत्रिकेत माझं नाव आहे, ते काढ. जागा का बदलली असं कुणी विचारलं, तर माझं नाव सांग, दोष तुम्हा पोरांवर घेऊ नका.

आजवर तुला लिहिताना खाली 'तुझे सर' असं लिहीत आलो. आज हात धजत नाही.

हेमचंद्र