आक्काचा ढीग

रवि. ११ मार्च ७३
वही उशाशीच होती, पण पंधरा दिवस उघडली न्हाय. लिहिलं की पक्कं होतंय, ही भीती. आज लिहितोच. आक्काचं काळीज बिघडलंय.
आक्का थोरली बहीण, वय चोवीस. दहा पावलं चालली की धाप, घोट्यावर सूज. नवऱ्यानं कामचुकार म्हणून माहेरी धाडून दिली. कुणा डॉक्टरनं सांगितलं न्हाय, वसंतामुळं कळलं. वसंता पाटलाचा, सातवीपर्यंत माझ्या वर्गात. लहानपणी एकाच साली त्याला न् आक्काला तापानं सांधे धरलेले. त्याला सोलापूरला नेलं. काळजाची झडप खराब निघाली, तवापासून दर तीन आठवड्याला इंजेक्शन. आक्काच्या सांध्यांना आईनं राख बांधली.

मंगळ. १३
जळकोटच्या रस्त्याला दुष्काळी काम. आमी खडी फोडतो. मुकादम रोज ढीग मापतो, कमी भरला की हजेरीतनं नाव कमी. म्हणून आमच्या टोळीनं ठरवलंय, आक्काचा ढीग सगळ्यांनी भरायचा. ती हातात हातोडा धरून बसते, मुकादम दिसला की ठकठक करते. रहमतबी तर आपल्या आधी तिचाच भरते. म्हणते, "तू बैठ गे माँ, मैं भरतूँ." भरताना भान राहत न्हाय. आज तिचा ढीग सगळ्यात उंच झाला. आक्का हसली, "म्हंजी आता मीच पैलवान!" मग खोकली.

शुक्र. १६
डॉक्टर जीपमधून आले. गावातल्या बाया टेबलाजवळ, छातीला नळी लावून तपासणी. आमच्या वस्तीच्या बाया बाभळीखाली. तिथं कंपाउंडर दुरूनच विचारतो न् पुडी हातावर वरून टाकतो. आमी बौद्ध होऊन इतकी सालं झाली, पुडी अजून वरूनच.
मी पुढं झालो. "सायेब, हिला तेवढी नळी लावा की. सोलापूरला न्यायला चिठ्ठी द्या."
डॉक्टरनं मुकादमाकडं बघितलं. मुकादम ढिगाकडं बोट करून म्हणाला, "हिचाच हो तो. सगळ्यात उंच. आजारी कुठली?"
खरं सांगावं तर सगळ्या टोळीची नावं कमी. रहमतबीनं पदर तोंडाला लावला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आक्काच म्हणाली, "व्हय, म्याच भरला."
डॉक्टर म्हणाले, "अशक्तपणा आहे." रक्तवाढीच्या गोळ्या. जीप गेली.
आमीच भरला तो ढीग. आमीच.

सोम. १९
वसंताच्या डॉक्टरचं नाव-पत्ता विचारायला सकाळी निघालो. वाटेत मळ्यात बोअरचं यंत्र लागलेलं, पहिल्यांदाच बघितलं. नुसती धूळ वर येत होती, पाणी न्हाय. आता लागंल, मग लागंल म्हणत दुपार करून टाकली. माझं हे असंच. मॅट्रिकही अशीच गेली.
पोचलो तर वसंता दुपारच्या गाडीनं इंजेक्शनला गेलेला. त्याची आई ओसरीवर. मी अंगणात उभा.
"आक्काला कशाला रे इंजेक्शन? तुमची माणसं दणकट. आमचा वसंता नाजूक."
म्हटलं, "काकी, दोघांचा ताप एकच होता."
"असं कसं एक?"
डॉक्टरचा पत्ता पायजे म्हणून वसंताला निरोप ठेवला, तो देतील का कुणास ठाऊक. त्या यंत्रापाशी थांबलो नसतो तर.

बुध. २१, सकाळ
आक्काला आडवं होता येत न्हाय. भिंतीला टेकून बसून असते. ओठ निळसर. फाट्यावरचा एक ट्रकवाला तयार झालाय, दहाला येतो म्हणाला. चिठ्ठी न्हाय तर न्हाय, मोठ्या दवाखान्याच्या दारात जाऊन बसू. आईनं लुगडं बांधून ठेवलं. आक्का म्हणते, "माझ्या ढिगाचं काय?" काय सांगू.
नऊ वाजले असतील. हे लिहिताना धाप ऐकू आली, मोठी. लिहिणं टाकून आक्काकडं वळलो. आक्का बोट करून म्हणाली, "म्या न्हाय. भाईर."
दारात वसंता. एकटा, चालत आलेला, पाटलाच्या वाड्यापासून ओढा उतरून. निरोप पोचला म्हणायचा. आमच्या वस्तीत पहिल्यांदाच. उंबऱ्यावर बसला, बोलायला दम न्हाय. हातानंच खूण करून पाणी मागितलं.